शेजारचीं मांजरें आणि आमचें परसूं

मनुष्याच्या दुःखांत कांहीं दुःखें अशीं असतात कीं, तीं चारचौघांत उच्चारतां येतात व उच्चारल्यानें हलकीं होतात. कर्ज, आजार, मुलीचें लग्न, मुलाची नोकरी हीं या जातीचीं दुःखें होत. परंतु दुसरीं कांहीं अशीं आहेत कीं, तीं सांगितलीं तर ऐकणारा प्रथम हंसतो, मग नाकाला रुमाल लावतो आणि शेवटीं विषय बदलतो. गेल्या वर्षीं आमच्या वांट्यास जें दुःख आलें तें या दुसऱ्या जातीचें होतें. गल्लींतील बेवारशी मांजरांनीं आमचें परसूं आपल्या प्रातर्विधीसाठीं पसंत केलें, हें एका वाक्यांत सांगून टाकलें म्हणजे आमच्या प्रतिष्ठेचें जें काय व्हावयाचें असेल तें एकदांच होऊन जाईल, आणि मग वाचकांशीं मोकळेपणानें बोलतां येईल.

आमचें घर पुण्यांत, एरंडवण्याच्या एका गल्लींत आहे. घर बैठें, वडिलांनीं बांधलेलें; पुढें चार हात अंगण आणि मागें अर्ध्या गुंठ्याचें परसूं. त्यांत एक पेरू, एक पारिजातक, एक कढीलिंब, कोपऱ्यांत गवती चहाचें बेट, आणि मोरीचें पाणी जेथें जातें तेथें अळूचा वाफा. या स्थावर इस्टेटीचा राखणदार म्हणून मोत्या नांवाचा एक कुत्रा आमच्या पदरीं आहे. त्याच्या कुळशीलाविषयीं खात्रीनें सांगण्यासारखें एवढेंच कीं, दहा वर्षांपूर्वीं ऐन पावसांत तो आमच्या फाटकाखालून आंत आला व पुन्हां बाहेर राहावयास जाण्याची त्यास आवश्यकता वाटली नाहीं. परसांत कुत्रा असतां मांजर तेथें पाऊल कसें ठेवतें, असा प्रश्न जो तो आम्हांस विचारी. आम्ही हाच प्रश्न मोत्यास विचारीत असूं.

त्याचें उत्तर असें कीं, कुत्र्याचा दरारा ही मांजराच्या हिशेबानें वेळेची बाब आहे, तत्त्वाची नव्हे. मोत्या रात्रीं अकरापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक दुचाकीवर भुंकून कर्तव्य बजावतो, आणि पहाटे चारपासून सहापर्यंत, म्हणजे ज्या वेळीं त्याची खरी गरज, त्या वेळीं मेल्यासारखा झोंपतो. हें वेळापत्रक मांजरांनीं आमच्या आधीं पाठ केलें होतें. एक पिंवळा बोका तर दिवसाढवळ्या मागच्या भिंतीवर बसे, आणि खालीं मोत्या उड्या मारीत असतां शांतपणें आपला पंजा चाटीत राही. भिंत सहा फूट आहे आणि मोत्याची उडी साडेचार फूट आहे, हें त्यानें केव्हांच मोजून ठेवलेलें होतें.

परंतु मोत्याच्या आळसाहून त्याची एक आवड आम्हांस अधिक जड गेली. ती सांगावी कीं न सांगावी याचा आम्हीं बराच विचार केला. पण ज्यांच्या घरीं कुत्रा आहे त्यांना ती ठाऊकच आहे, आणि ज्यांच्या घरीं नाहीं त्यांनीं तो पाळण्यापूर्वीं ऐकून ठेवावी हें बरें. मांजर हा निव्वळ मांसाहारी प्राणी. त्याच्या अन्नांत प्रथिनें फार, आणि त्यांतलीं कांहीं न पचतां बाहेर पडतात. कुत्र्याच्या नाकास हें कळतें. त्यामुळें मांजरांनीं रात्रीं पुरून ठेवलेला ठेवा सकाळीं उठून उकरावयाचा, त्याचा आस्वाद घ्यावयाचा, आणि नंतर पाहुण्यांचें तोंड प्रेमानें चाटावयाचें, हा मोत्याचा नित्यक्रम होऊन बसला. जंत होतात म्हणून त्यास औषध द्यावें, तों पुन्हां दुसऱ्या दिवशीं तेंच. आमच्या घरांतून परसांतल्या अळूच्या वड्या बंद झाल्या त्या याच सुमारास.

आमचा पक्षपात येथें कबूल केला पाहिजे. आपल्या परंपरेनें कुत्र्याला स्वर्गाच्या दारापर्यंत धर्मराजाबरोबर चालविलें, दत्तात्रेयाच्या पायांशीं बसविलें. मांजरास मात्र तिनें दंभाची उपमा करून सोडलें. मनुस्मृति ढोंगी माणसास ‘बैडालव्रतिक’ म्हणते. उद्योगपर्वांत गंगेच्या कांठीं हात वर करून तप करणारा एक बोका आहे. उंदीर त्याला साधु समजून शरण जातात आणि एकेक करून नाहींसे होतात. महाबलिपुरम्‌च्या सातव्या शतकांतील शिल्पांत तपस्व्यांच्या मेळ्यांत एक मांजर पुढचे पाय उभारून उभें आहे, आणि उंदीर त्याच्या पायांशीं आहेत. इतका पुरावा असतां भिंतीवरील पिंवळ्या बोक्याविषयीं आम्हीं आपलें मत काय करून घ्यावयाचें होतें?

या मांजरांचें अन्नछत्र होतें पलीकडच्या काकूंकडे. काकू एकट्या राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढें. जन्म शिक्षिकेच्या नोकरींत गेलेला, त्यामुळें आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बांकापर्यंत पोंचतो. रोज संध्याकाळीं सहाला त्या मागच्या पायरीवर पांच वाट्या मांडतात, आणि पांच शेंपट्या उभ्या राहतात. आम्हीं एके दिवशीं भिंतीवरून, शक्य तितक्या सौम्य शब्दांत, आमची तक्रार त्यांच्या कानीं घातली.

“काकू, जेवण तुमच्याकडे आणि बाकीचं सगळं आमच्याकडे, असं चाललंय हो.”

“अहो, मग मी काय त्यांना तुमचा पत्ता दिलाय का?” काकू म्हणाल्या. “मुक्या जनावराला काय कळतं, कंपाऊंड कुणाचं ते!”

“तुम्ही खायला घालता म्हणून तीं येतात.”

“आणि तुमचा मोत्या? तो कुणाच्या दारांत जातो तें विचारलंय कधीं?”

या शेवटच्या प्रश्नाकडे आम्हीं दुर्लक्ष केलें. वादांत आपल्या सोयीचा नसलेला मुद्दा विषयांतर म्हणून बाजूस सारावयाचा असतो. त्या दिवसापासून बोलणें बंद झालें. आणि मधली भिंत, जी चाळीस वर्षें लोणच्याच्या बरण्या व दिवाळीचीं ताटें इकडून तिकडे करण्याच्या कामीं येत होती, ती केवळ भिंत उरली.

हें सारें हंसण्यावारी गेलें असतें. पण श्रावणांत आमची कन्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली. तिला सातवा महिना होता. तिच्या डॉक्टरांनीं ‘घरांत मांजर आहे का?’ असें सहज विचारलें. आम्हीं ‘घरांत नाहीं, पण परसांत पांच आहेत’ असें सांगतांच त्यांनीं जें सांगितलें, त्यानें आमच्या घरांतील मंडळींची झोंप उडाली. टॉक्सोप्लाझ्मा नांवाचा एक सूक्ष्म जीव आहे. १९०८ सालीं ट्यूनिस येथें निकोल व मान्सो या शास्त्रज्ञांना तो गुंडी नांवाच्या एका उंदरासारख्या प्राण्यांत सांपडला. त्याचा वंश वाढण्याचें खरें ठिकाण मांजराचें आंतडें आहे, हें कळावयास मात्र १९७० साल उजाडावें लागलें. मांजराच्या विष्ठेंतून त्याचीं बीजें मातींत पडतात आणि महिनोन्‌महिने तेथें टिकूं शकतात. पोटांत मूल असतां आईस प्रथमच हा संसर्ग झाला, तर मुलाच्या डोळ्यांस व मेंदूस अपाय होण्याचा संभव असतो.

आज शांतपणें विचार करतां आम्हांस त्याच डॉक्टरांचीं पुढचीं वाक्येंही आठवतात. मांजर हीं बीजें बहुधा आयुष्यांत एकदांच, एक ते तीन आठवडे बाहेर टाकतें. तीं पडल्यापासून संसर्ग करण्याजोगीं होण्यास एक ते पांच दिवस लागतात. रोजची घाण रोज काढली तर धोका फार कमी होतो. अर्धेंकच्चें मांस व न धुतलेली भाजी यांपासूनही तितकेंच जपावें लागतें. मातींत हात घातला तर हात धुवावे. हीं वाक्यें त्यांनीं त्याच सुरांत सांगितलीं होतीं. परंतु भ्यालेल्या माणसाच्या कानांना पहिलेंच वाक्य ऐकूं येतें. आम्ही घरीं आलों तें युद्ध पुकारूनच.

या युद्धाचा सारा इतिहास सांगण्यांत अर्थ नाहीं. संत्र्यांच्या साली पसरल्या. त्या दोन दिवस मांजरांनीं ओलांडल्या आणि तिसऱ्या दिवशीं वाळल्या. कॉफीचा चोथा टाकला. त्याचा खप मुंग्यांत झाला. एका स्नेह्यांनीं मिरचीची पूड सुचविली. पण ‘मोत्याचें नाक काय लोखंडाचें आहे?’ एवढ्या एका प्रश्नानें ती सूचना आमच्या घरांतून नापास झाली, आणि योग्यच झालें. बोरीच्या कांट्या अंथराव्या म्हटलें, तर शेतांच्या बांधांवर ढिगानें मिळणारी ही वस्तु एरंडवण्यांत कोठें मिळणार? कुंड्यांच्या दुकानांतून गुळगुळीत गोटे आणून गवती चहाच्या मुळाशीं दाटीनें बसविले, आणि दोन वाफ्यांत मातीच्या बोटभर खालीं कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी अंथरली. हे दोन उपाय मात्र खरे ठरले. मांजरास उकरतां आलें नाहीं कीं त्या जागेवर त्याचें मन बसत नाहीं. माती सतत ओली ठेवली तरी तोच परिणाम होतो. पण उरलेलें परसूं ओलें ठेवण्याइतकें पाणी नळाला येत नसे.

बाटल्यांची गोष्ट तेवढी सांगितली पाहिजे. लाल रंगाच्या पाण्याची बाटली दारांत टांगली म्हणजे जनावर तेथें घाण करीत नाहीं, अशी आपल्याकडे पुष्कळांची श्रद्धा आहे. आम्हीं सहा बाटल्या टांगल्या. पुढें वाचनांत आलें कीं, कुत्र्याच्या डोळ्यांस निळा व पिंवळा हे रंग कळतात, लाल त्यास वेगळा ओळखतां येत नाहीं, आणि मांजराची स्थितीही फारशी निराळी नाहीं. म्हणजे गल्लींतील ज्या एकमेव प्राणिवर्गास तो लाल रंग लाल दिसत होता, तो आमचाच. त्या बाटल्या टांगतांना आणखीही एक गोष्ट आमच्या नजरेस आली होती. काकूंच्या पुढच्या फाटकावर तशाच दोन बाटल्या फार दिवसांपासून टांगलेल्या होत्या. त्या कोणासाठीं, हा प्रश्न आम्हीं स्वतःस विचारला नाहीं.

गल्लींतील एका गृहस्थांनीं उंदरांचें औषध दुधांत घालून ठेवण्याचा सल्ला दिला. आम्हीं संतापलों. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्याविरुद्ध या देशांत १९६० सालापासून कायदा आहे, तो रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या परिश्रमांतून झाला, विष घालणें हा गुन्हा आहे, असें एक छोटेखानी व्याख्यानच आम्हीं त्यांस दिलें. आणि त्याच संध्याकाळीं बाजारांतून डांबरगोळ्यांचें एक पुडकें व फिनेलचा एक डबा आणला. विषाविरुद्ध व्याख्यान देणाऱ्या आम्हांस आपण विषच विकत घेत आहों हें उमगलें नाहीं, कारण पुडक्यावर तसें मोठ्या अक्षरांत लिहिलेलें नव्हतें आणि कपड्यांच्या पेटींत तें आम्ही लहानपणापासून पाहत आलों होतों. फिनेल भिंतीच्या कडेनें ओतलें. गोळ्या अळूच्या वाफ्यांत पेरल्या. चार दिवस एकही मांजर फिरकलें नाहीं. आम्ही विजयी मुद्रेनें परसांत येरझारा घालीत होतों.

पांचव्या दिवशीं मोत्यानें अन्न सोडलें. दोनदां ओकला. संध्याकाळपर्यंत तो उठेना, आणि हिरड्या पाहिल्या तों कागदासारख्या पांढऱ्या. पशुवैद्य येईपर्यंत आम्ही त्याच्याजवळ ओटीवर बसून होतों. एवढ्यांत मागचें दार वाजलें. काकू होत्या. चार महिन्यांनीं त्या आमच्या उंबऱ्याच्या आंत आल्या. मोत्याचें भुंकणें आज ऐकूं आलें नाहीं म्हणून आलें, एवढेंच म्हणाल्या. खालीं बसल्या, मोत्याचें तोंड उघडून त्यांनीं वास घेतला, आणि आमच्याकडे पाहिलें.

“डांबरगोळी,” त्या म्हणाल्या. “कुठं ठेवली होतीत?”

आम्हीं अळूच्या वाफ्याकडे बोट केलें.

शाळेंत चूक पकडल्यावर ओरडणारे शिक्षक असतात, आणि वही मिटून परत देणारे असतात. काकू दुसऱ्या प्रकारच्या. त्यांनीं कंदील धरावा तसा मोबाइलचा दिवा धरला, वाफ्यांतून उरलेल्या गोळ्या एकेक करून वेंचल्या, पिशवींत बांधल्या आणि पिशवी आमच्या हातांत दिली. जातांना दारांत थांबून त्या म्हणाल्या, “पिंवळा तीन दिवस आला नाहीं.” त्यांत आरोप नव्हता, हजेरी घेतल्यासारखा आवाज होता.

नॅफ्थालीननें रक्तांतल्या तांबड्या पेशी फुटतात, असें वैद्यांनीं सांगितलें. कुत्र्यास तें वाईट. मांजरास त्याहून वाईट. फिनेलचेंही तसेंच. अशा पदार्थांचें विष उतरविण्याची जी सोय बहुतेक प्राण्यांच्या यकृतांत असते ती मांजराच्या यकृतांत अपुरी असते. आणि मांजर तें पीत नाहीं म्हणून निश्चिंत राहावें, तर पायाला लागलेलें सारें तें चाटून स्वच्छ करतें. त्याची स्वच्छताच त्याचा घात करते. पिंवळा बोका परत आला नाहीं. बोके महिना-महिना भटकतात, कोठें तरी स्थायिक होतात, हें खरें आहे, आणि आम्हीं तें स्वतःस पुष्कळदां सांगितलें. मांजर मारलें तर सोन्याचें मांजर करून दान द्यावें लागतें, असें आमची आजी सांगे. लहानपणीं आम्हांस त्यांत सोन्याचें अप्रूप वाटे. आतां वाटतें कीं, तो दंड ज्यानें बसविला त्यास ठाऊक असावें कीं तो कोणी भरणार नाहीं, आणि न भरलेला दंड मनांत राहतो.

मोत्यास सलाईन लावून दोन रात्री ओटीवर जागून काढाव्या लागल्या. दुसऱ्या पहाटे साडेचारच्या सुमारास आम्हीं प्रथमच आमचें परसूं त्या वेळीं पाहिलें. भिंतीच्या टोंकावर एक करडी मांजरी आली. ती पलीकडच्या सोसायटीच्या वाहनतळावरून आली होती. तेथें पूर्वीं एक बंगला व आंबराई होती. आतां सात मजले आणि खालीं सर्वत्र सिमेंटचे ठोकळे. मांजरी त्या ठोकळ्यांवर दोन ठिकाणीं थांबून पंजानें ओरखडे काढतांना आम्हांस भिंतीच्या जाळीदार विटांतून दिसली होती. ठोकळा हलत नाहीं असें पाहून ती पुढें गेली, शोभेच्या झाडांच्या हौद्याशीं थांबली, तेथें पांढऱ्या गोट्यांचा थर होता, आणि मग भिंतीवर आली. खालीं उतरून तिनें आमच्या पेरूखालची कोरडी माती हुंगली, एक खळगा केला, आपलें काम उरकलें, वळून वास घेतला, आणि पंजानें चारी बाजूंची माती ओढून, पुन्हां वास घेऊन, पुन्हां थोडी ओढून, तो खळगा बुजविला. इतक्या काळजीनें केलेलें काम आम्हीं त्या आठवड्यांत दुसऱ्या कोणाचें पाहिलें नव्हतें.

मांजराचा मूळ पुरुष हा आफ्रिकेचा व पश्चिम आशियाचा रानबोका. सायप्रस बेटावर माणसाशेजारीं पुरलेल्या मांजराचा सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींचा सांगाडा २००४ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हांपासून तरी तें आपल्या संगतींत आहे. वाळवंटांत जन्मलेल्या या जातीस पाय सुटी, कोरडी माती शोधतात. पूर्वीच्या घरांतून ती मुबलक होती. सारवून चोपलेल्या अंगणांत मांजर उकरीत नसे, पण परसांत उकिरडा होता, चुलीच्या राखेचा ढीग होता, गोठ्यामागें केर होता. वाड्यांतलें मांजर कोठें जातें हा प्रश्न आमच्या आजीला कधीं पडला नाहीं, कारण त्याला जागा होती. त्या जागा एकामागून एक गेल्या. राख गेली, उकिरडा गेला. आमच्या गल्लींतले बंगले पंधरा वर्षांत पाडून झाले. उरलें एक आमचें परसूं व एक काकूंचें, आणि काकूंनीं गुडघे दुखूं लागल्यावर आपलें परसूं फरशी घालून घेतलें. मांजरें आमचा द्वेष करीत होतीं असें नव्हे, कीं काकूंनीं त्यांस शिकवून पाठविलें होतें असेंही नव्हे. साऱ्या गल्लींत पंजानें हलेल अशी माती आमच्याकडेच तेवढी शिल्लक होती.

मोत्या बरा झाला. आठवड्यानें त्यास सकाळीं फिरावयास नेलें. गल्लीच्या वळणापर्यंत जाण्याची शक्ति नव्हती. तो काकूंच्या फाटकापाशीं, लाल बाटल्यांच्या बरोबर खालीं, आपल्या दहा वर्षांच्या संवयीनें बसला. आंत काकू खराटा घेऊन उभ्या होत्या. त्या थांबल्या होत्या. मोत्याचें होईपर्यंत त्या रोज थांबत असाव्यात, आणि आम्ही पुढें गेल्यावर बाहेर येऊन उचलीत असाव्यात. दहा वर्षांत आम्हीं खिशांत साधा कागद कधीं ठेवला नव्हता. मांजर तरी माती ओढतें.

आम्हीं मोत्याची सांखळी फाटकाला अडकविली आणि घरीं जाऊन जुनें वर्तमानपत्र आणलें. काकूंनीं तें पाहिलें व खराटा भिंतीला टेंकवून ठेवला. “आंत या,” त्या म्हणाल्या. “चहा टाकते.”

चहाबरोबर जें ठरलें तें फार साधें होतें. आमच्या जुन्या पाण्याच्या टाकीमागें छातीइतका उंच एक कट्टा आहे. मोत्या तेथें चढूं शकत नाहीं, मांजर सहज चढतें. त्यावर काठाला तडा गेलेली एक सिमेंटची पसरट कुंडी ठेवून तींत बांधकामावरून आणलेली बारीक वाळू चार बोटें भरली. पहिल्या दिवशीं पेरूखालच्या खळग्यांतील थोडा ऐवज त्या वाळूंत मुद्दाम पुरून ठेवला, म्हणजे पत्ता कळावा. पेरूखालीं जाळी अंथरली. अमोनियाचा वास असलेलें कोणतेंही धुण्याचें औषध तेथें वापरणें बंद केलें, कारण तो वास मांजरास मूत्राचाच वाटतो आणि तें पुन्हां तेथेंच येतें. सकाळची सफाई काकूंची, संध्याकाळची आमची, दोघांच्याही हातांत रबरी मोजे. कन्येस त्या बाजूस फिरकण्याची मनाई.

वाळू चाळतांना काकूंस आम्हीं कोठें तरी वाचलेली एक हकीकत सांगितली. अमेरिकेंत मिशिगन प्रांतांत एडवर्ड लो नांवाचा एक गृहस्थ राहत असे. १९४७ च्या जानेवारींत त्याची एक शेजारीण मांजरासाठीं वाळू मागावयास आली, कारण तिची वाळू थंडीनें गोठली होती. त्यानें वाळूऐवजीं आपल्याजवळची तेल शोषणारी माती दिली, आणि त्यांतून पुढें मांजरांच्या मातीचा एक प्रचंड धंदा उभा राहिला. ती माती म्हणजे आपली मुलतानी माती, असें सांगतांच काकू चाळणी खालीं ठेवून हंसल्या. त्यांच्या शाळेंत मुली ती तोंडाला लावून येत असत.

मांजरांची संख्या वाढूं न देणें ही दुसरी बाजू. मांजरीचे दिवस सुमारें नऊ आठवड्यांत भरतात, आणि पिलू सहा महिन्यांचें होतें न होतें तों स्वतः आई होऊं शकतें; तेव्हां वाळूची कुंडी कितीही मोठी ठेवली तरी ती अपुरीच पडणार. एक नेऊन दूर सोडलें तर रिकाम्या जागीं दुसरें येतें. पिंवळा गेल्यावर महिन्याच्या आंत एक काळा आलाच. शस्त्रक्रिया करून, कानाचें टोंक खुणेसाठीं किंचित् कापून, तींच मांजरें त्याच जागीं परत सोडणें हा मार्ग राहतो. पिंजरे लावण्याच्या कामीं सोसायटींतील दोन कॉलेजचीं मुलें आलीं. खर्च काकूंनीं व आम्हीं निम्मा-निम्मा केला. काळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर भिंतीवरच्या फवाऱ्याचा उग्र वासही हळूहळू कमी झाला. काळा अजून आठवड्यांतून एकदां अळूच्या वाफ्यांतच जातो. त्याचें काय करावें हें आम्हांस सुचलेलें नाहीं, आणि काकू म्हणतात, वर्गांत एक तसा असतोच.

कार्तिकांत कन्येस मुलगी झाली. दोघींची प्रकृति उत्तम आहे. बारशाला काकू आल्या, त्यांनीं पाळण्याची दोरी धरली, आणि जेवावयास बसल्यावर अळूच्या फदफद्याचा पहिला घांस घेऊन ताटाकडे पाहिलें.

“हा अळू तुमच्या परसांतला नाहीं ना?”

“मंडईंतला,” घरांतून उत्तर आलें.

“मग वाढा अजून,” काकू म्हणाल्या.